‘काय झालं?’ – ‘लेकरू झालं!’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी ताई बाळंत झाली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात, पहाटे तीनच्या सुमारास. बाहेरच्या बाकावर आई, आजी आणि मी अशा तिघी बसलो होतो. आतून रडण्याचा आवाज आला. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेलेल्या दाजींनी जिना चढता चढताच चार ठिकाणी कळवले असावे. कारण पाच मिनिटांत आईच्या हातातला मोबाईल वाजू लागला. पहिला फोन ताईच्या सासूबाईंचा, दुसरा चुलत्यांचा, तिसरा मावशीचा. तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता : ‘‘काय झालं?’’

सासूबाईंच्या फोनला आईने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच आजीने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि शांतपणे सांगितले, ‘‘लेकरू झालं. दोघंबी चांगली हायेत.’’

‘‘ते कळलं हो, पण काय झालं?’’

‘‘लेकरू झालं म्हनलं न्हवं!’’ असे म्हणून आजीने मोबाईल आईच्या हाती दिला आणि पदर सावरून पुन्हा भिंतीला टेकून बसली.

त्या वेळी मला हसू आले. आजीचे वय झाले, तिला प्रश्न नीट कळला नाही, असेच मला वाटले. पण पुढे वसतिगृहात परत आल्यावर, भाषाविज्ञानाच्या तासाला ‘लिंगविचार’ चालू असताना, ते उत्तर एकाएकी आठवले आणि मग डोक्यातून जाईना. प्रश्न न कळलेली आजी नव्हे, उत्तर न कळलेली मीच होते, अशी माझी खात्री होत गेली. वाचकहो, नव्या जन्मलेल्या जिवाला आपण काय म्हणतो आणि का म्हणतो, यासंबंधी मला जे वाटते ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. मी काही भाषेची पंडिता नाही. मराठी विषय घेतलेली एक विद्यार्थिनी आणि नुकतीच मावशी झालेली एक मुलगी, एवढाच माझा अधिकार.

आधी आपल्या घरची श्रीमंती पाहू. बाळ, तान्हे, लेकरू, मूल, पोर, पिल्लू, छकुले, सोनुले, बालक, शिशू, अर्भक, नवजात. एकाच कपभर जिवासाठी एवढे शब्द! आणि हे समानार्थी म्हणून शाळेच्या पुस्तकात एका ओळीत लिहिले जात असले, तरी एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहा, लगेच अडते. ‘तान्हे’ म्हटले की अंगावर पिणारे मूल डोळ्यांसमोर येते. त्याला दात आले, ते भात खाऊ लागले, की ‘तान्हे’ हा शब्द आपोआप सुटतो. ‘बाळ’ मात्र सुटत नाही. पन्नाशीच्या माणसालाही म्हातारी आई ‘बाळा’ म्हणते, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. ‘लेकरू’ या शब्दाला वय नाही, पण आई आहे. लेकरू नेहमी कुणाचे तरी असते. म्हणूनच जनाबाईच्या नावावरच्या अभंगात विठ्ठल ‘लेकुरवाळा’ होतो. एरवी हा शब्द बाईला लावायचा. पण खांद्यावर-कडेवर लेकरे घेतलेल्या देवाला दुसरा कुठला शब्द शोभला असता?

‘बाळ’ या शब्दाचे गोत तर केवढे मोठे! बाळंतीण, बाळंतपण, बाळंतविडा, बाळंतशेपा, बाळंतकाढा, बाळगुटी, बाळकडू, बाळोते, बाळलेणी, बाळसे. यातला ‘बाळंतीण’ हा शब्द मला विशेष वाटतो. नऊ महिने जिने ओझे वाहिले, जिने कळा सोसल्या, त्या बाईला आपण तिच्या नावाने ओळखत नाही. तिच्या नावातच बाळ बसवून टाकतो. पुष्कळांना हे खटकेल. मला ते खटकतही नाही आणि पुरते पटतही नाही. एवढे खरे, की सव्वा महिना तिला ‘ओली बाळंतीण’ म्हणून जपायचे, तिला शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू द्यायचे, हे त्या शब्दामुळे घराला विसरता येत नसे. अर्थात ज्या घरात डिंक आणि तूप होते त्या घराला. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. बाळंतपणानंतर पोटात घालायला काही नाही म्हणून पोटाला घट्ट फडके बांधून पडणाऱ्या बायका त्या पुस्तकात आहेत. ते वाचल्यावर बाळंतविड्याची यादी नुसती कौतुकाने म्हणता येत नाही. माझ्या आजीने ज्यांची बाळंतपणे केली त्या बऱ्याचशा ऊस तोडायला जाणाऱ्या. त्यांच्या बाळांना पाळणा नसे. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधली, की झाला पाळणा.

आता मुद्द्याकडे येते. वर दिलेल्या शब्दांपैकी बहुतेकांच्या मागे कोणते सर्वनाम येते ते पाहा. ते बाळ. ते मूल. ते लेकरू. ते तान्हे. ते पोर. ते अर्भक. ‘शिशू’ तेवढा पुल्लिंगी, पण तो आपल्या स्वयंपाकघरात कधी आलाच नाही; बालवाडीच्या पाटीवर आणि सरकारी कागदावरच राहिला. बाकी सगळे शब्द नपुंसकलिंगी. संस्कृतातली तीनही लिंगे मराठीने, गुजरातीने आणि कोंकणीने जपली. हिंदीत दोनच उरली. त्यामुळे हिंदीत ‘बच्चा हुआ’ म्हणताच मुलगा असो की मुलगी, शब्द पुल्लिंगी होतो. मराठीत मात्र ‘बाळ झालं’ असे वाक्य पूर्ण होऊ शकते आणि त्यात काहीच कमी राहत नाही.

‘नपुंसकलिंग’ हे नाव व्याकरणाने जरा रूक्ष ठेवले आहे, एवढेच. खेड्यातली माणसे व्याकरण न शिकता या लिंगाचा जो उपयोग करतात तो पाहिला, की त्याला ‘लेकरूलिंग’ म्हणावेसे वाटते. गायीचे वासरू, मेंढीचे कोकरू, शेळीचे करडू, घोडीचे शिंगरू, म्हशीचे रेडकू, कोंबडीचे पिल्लू. आणि माणसाचे लेकरू! सगळी एका ओळीत, एका यमकात. मोठी झाली की कुणी बैल होतो, कुणी गाय होते. कुणी बोकड, कुणी शेळी. तोवर सगळी ‘ते’. पूर्वीच्या कोशकारांनाही हे नाते दिसले असावे. अमरकोशात अर्भक, शावक, शिशू, डिंभ हे शब्द सिंह-हरणांच्या वर्गात सापडतात, आणि माणसाच्या वर्गात तान्ह्या मुलीसाठी जे शब्द दिले आहेत त्यांतल्या एकाचा अर्थ केवळ ‘उताणी झोपणारी’ एवढाच. किती नेमके निरीक्षण! ज्याला अजून कुशीवरही वळता येत नाही त्याच्याबद्दल याहून अधिक काय सांगायचे असते?

परंतु आपल्याला अधिक हवे असते. भाषेने दिलेला ‘ते’ आपल्याला दोन मिनिटेही पुरत नाही. ‘काय झालं?’ या प्रश्नाकडे नीट पाहिले, तर त्याची रचनाच लबाड आहे. ‘काय’ विचारले आहे, ‘कोण’ नव्हे. आणि क्रियापद नपुंसकलिंगी ठेवले आहे. वरून पाहता अगदी निःपक्षपाती प्रश्न. पण त्याला ‘बाळ झालं’ हे उत्तर चालत नाही. ‘बाळंतीण बरी आहे’ हे उत्तर तर मुळीच चालत नाही. विचारणाऱ्याला दोनच उत्तरे ठाऊक आहेत आणि त्या दोहोंपैकी एकावर पेढे आहेत, दुसरीवर बर्फी.

त्या रात्री खोलीतून बाहेर आलेल्या दवाखान्यातल्या मावशी आम्हाला म्हणाल्या, ‘‘मुलगी हाय, पन नक्षत्रावानी हाय बरं का!’’ माणूस म्हणून त्या फार चांगल्या. पहाटे त्यांनीच आईला चहा आणून दिला. पण त्यांच्या त्या ‘पण’कडे माझे लक्ष गेल्यावाचून राहिले नाही. मुलगा असता तर ‘मुलगा हाय, पन गोरा हाय’ असे त्या म्हणाल्या असत्या का? ताईची ही दुसरी मुलगी. सकाळी भेटायला आलेल्या प्रत्येकाने एक एक ‘पण’ सोबत आणला होता. कुणी म्हणाले, ‘‘लक्ष्मी आली की!’’ मुलगा झाल्यावर ‘कुबेर आला’ असे म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही. ज्याचे सांत्वन करायचे नसते त्याला देवतेची उपमा लागत नाही. आपल्याकडे ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ अशी म्हण आहे. दुसऱ्या बेटीच्या बाबतीत म्हण गप्पच आहे.

या सगळ्यात एकच व्यक्ती अशी होती की जिने ‘काय झालं’ विचारले नाही. ती म्हणजे स्वतः ताई. सिस्टरने नंतर सांगितले, की बाळ बाहेर येताच तिने क्षीण आवाजात विचारले, ‘‘रडलं का?’’ नपुंसकलिंगी क्रियापद, आणि जगातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. रडले म्हणजे श्वास घेतला. श्वास घेतला म्हणजे जगले. बाकी सारे मागाहून.

दुसऱ्या दिवशी मी आजीला विचारले, ‘‘आजी, तू फोनवर सरळ सांगितलं का नाहीस?’’ आजी गावात चाळीस वर्षे सुईणपण करीत होती. तिचे उत्तर मी जसेच्या तसे देते.

‘‘अगं, आमच्या वक्ताला वार पडल्याबिगर आमी सांगतच नसू. लेकरू आलं, एवढंच म्हनायचं. बाईनं किती बी इचारलं तरी लेकरूच. पोरगी म्हनलं की बाईचा धीर सुटायचा, वार आत राहायची, रगत जायचं. पोरगा म्हनलं तरी जीव उडायचा तिचा. मंग वार पडली, पोट बांधलं, घोटभर पानी पाजलं, की सांगायचं.’’

‘‘पण आता तर दवाखान्यात वार केव्हाच पडली होती.’’

‘‘पडली की. पर सवय लागली तोंडाला,’’ असे म्हणून ती हसली.

वारेचे आणि बातमीचे हे नाते डॉक्टरांना किती पटेल ते डॉक्टरच जाणोत. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ज्या सुईणीला एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने मराठीचे नपुंसकलिंग औषधासारखे वापरले होते! बाईचा जीव वाचेपर्यंत तिने त्या बाळाला मुलगा किंवा मुलगी होऊ दिले नाही. ते फक्त लेकरू होते. आणि ते खोटे बोलणेही नव्हते. भाषेने तिच्या हाती एक खरा शब्द दिला होता.

आमच्या वसतिगृहात निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या मुली आहेत. या विषयाचे वेड लागल्यावर मी खोल्याखोल्यांतून विचारत सुटले. नागपूरकडच्या मैत्रिणीने ‘तान्हा पोळा’ सांगितला. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. तिथे ‘तान्हा’ म्हणजे पिणारा नव्हे, तर चिमुकल्यांचा. त्यांच्याकडे ‘पोट्टं’ हा शब्द रागाचा आणि लाडाचा दोन्हीही. कोल्हापूरची म्हणाली, ‘‘आमच्यात बारकं म्हनत्यात. बारकं निजलंय, बारकं उठलंय.’’ नाव ठेवले तरी वर्षभर ते ‘बारकं’च राहते म्हणे. गोव्याच्या सीमेवरच्या एकीने कोंकणीतला ‘भुरगें’ हा शब्द दिला, तोही नपुंसकलिंगी.

सर्वांत विचारात पाडले ते सिंधुदुर्गातल्या मैत्रिणीने. मालवणीत मुलगा म्हणजे ‘झील’, आणि तो ‘तो’. मुलगी म्हणजे ‘चेडू’, आणि ती ‘तां’, म्हणजे आपले ‘ते’. बाळपण संपले तरी चेडू नपुंसकलिंगीच. यात माया आहे की उपेक्षा? मुलीला दीर्घकाळ लेकरू म्हणून जपणे आहे, की तिला पुरती व्यक्ती न समजणे आहे? मैत्रीण म्हणाली, ‘‘माझ्या आज्यान ‘चेडू’ म्हटला की माका बरा वाटता. दुसऱ्या कोणी म्हटला तर राग येता.’’ यावरून मी एवढेच घेतले, की शब्द एकटा न्याय करीत नाही आणि अन्यायही करीत नाही. तो कुणाच्या तोंडी आहे, हे पाहावे लागते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण म्हणजे ‘अर्भक’. केवढा जुना आणि कोवळा शब्द! तुकोबांच्या अभंगात मोठा जाणता पंतोजी स्वतः हातात पाटी धरतो, तो अर्भकासाठी. तिथे या शब्दात सगळी माया आहे. आज आपल्याला हा शब्द कुठे भेटतो? एक तर सरकारी तक्त्यांत. जन्मल्यापासून वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे दर हजारी प्रमाण म्हणजे ‘अर्भक मृत्युदर’. आणि दुसरे वर्तमानपत्रात. नदीकाठी, बसथांब्यामागे, कचराकुंडीशेजारी ‘अर्भक आढळले’. वर्तमानपत्रात ‘बाळ’ जन्मते, ‘बाळ’ पळवले जाते, ‘बाळ’ सुखरूप सापडते. मात्र जे कुणालाच नको असते ते ‘अर्भक’. माझी समजूत अशी, की वार्ताहर हे मुद्दाम करीत नाही. त्याला ‘बाळ’ लिहवत नाही, म्हणून तो पंचनाम्यातला शब्द उचलतो. कारण ‘बाळ’ लिहिले, तर त्या वाक्यात कुणाची तरी आई यावी लागते, बाप यावा लागतो, शेजारपाजार यावा लागतो. ‘अर्भक’ लिहिले, की कुणीच यायला नको. तुकोबांचा शब्द आपण अशा जागी नेऊन ठेवला आहे.

नावांच्या बाबतीतही हीच कथा. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावे असत. पाठीपाठची लेकरे दगावली की नव्या लेकराला असे नाव ठेवायचे. हे काही मोलाचे नाही, असे सटवाईला वाटावे आणि तिने ते नेऊ नये. म्हणजे ‘दगडू’ हा शिवी दिसणारा लाड होता. मरणाला फसवण्यासाठी आईने केलेला खोटेपणा होता. त्याच्याच शेजारी ‘नकुसा’ हे नाव ठेवून पाहा. दिसायला दोन्ही सारखीच, पण नकुसा हे खोटे नव्हते. ते अगदी खरे होते. मुलीवर मुली झाल्या, आता नको, म्हणून नकुसा. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींनी समारंभपूर्वक नवी नावे घेतली. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच झाले. पण शाळेच्या हजेरीत रोज ‘नकुसा’ अशी हाक आली की ‘हजर’ म्हणून उभे राहायचे, हे ज्या मुलींनी वर्षानुवर्षे केले, त्यांचे ते उभे राहणे कोणत्या समारंभाने पुसले जाणार?

उलट, सुखवस्तू घरांत काय झाले? मुलाला ‘बाळ’ म्हटले आणि ते नाव त्याला आयुष्यभर शोभले. केशव हे नाव मागे पडून बाळ गंगाधर टिळक झाले. बाळासाहेब, बाळकाका, बाळशास्त्री ही भारदस्त नावे झाली. मुलीला मात्र इंग्रजी आल्यावर ‘बेबी’ म्हटले आणि आज गावोगाव सत्तरीच्या बेबीताई, बेबीमावशी आहेत. त्या शब्दात अपमान नाही, प्रेमच आहे. तरी एकाचे बाळपण मोठेपणात मिसळून गेले आणि दुसरीचे परक्या शब्दात अडकून राहिले, असे मला वाटते. माझ्या भाचीच्या मनगटावर दवाखान्याने जी पट्टी बांधली होती तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे ताईचे नाव होते. गंमत अशी, की त्यात निदान आईचे नाव तरी होते. बारशाला जी पत्रिका निघाली तिच्यात ते चौथ्या ओळीत गेले.

कुणी म्हणेल, बाई, हा सगळा शब्दांचा खेळ झाला. शब्दांनी काय होते? मी म्हणते, कायद्याला विचारा. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा 1994 साली झाला. गर्भ मुलाचा की मुलीचा हे गरोदर बाईला किंवा तिच्या नातेवाइकांना शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगायचे नाही, असे तो कायदा बजावतो. विचार करा, एक शब्द उच्चारू नये म्हणून संसदेला कायदा करावा लागला! एवढे होऊनही 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 894 झाल्या. आणि माझ्या बीड जिल्ह्यात? 807. या आकड्यात ज्या मुली दिसत नाहीत, त्यांच्याबाबत ‘काय झालं?’ हा प्रश्न कुणीतरी जन्माच्या आधीच विचारला होता, आणि कुणीतरी कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत त्याचे उत्तर दिले होते. आजीने बाईला वार पडेपर्यंत थांबवले. आम्ही शिकलेली माणसे नऊ महिनेही थांबलो नाही.

आमच्या मराठीच्या सरांशी याविषयी बोलले, तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला, आणि तो खरोखर विचार करण्यासारखा आहे. सर म्हणाले, ‘‘मुलगी झाली असेल तर ‘मुलगी झाली’ असे ताठ मानेने सांगावे. ‘लेकरू झालं’ म्हणून झाकायचे कशाला? झाकण्यातच लाज आहे. तुझी आजी ‘लेकरू’ म्हणत होती, कारण ‘मुलगी’ ही वाईट बातमी आहे हे तिने गृहीत धरले होते.’’

हे मला नाकारता येत नाही. आजीचे औषध त्याच रोगासाठी होते. रोग नसता तर औषध लागलेच नसते. ताईच्या सासूबाईंना तिने ‘लेकरू झालं’ असे दोनदा सांगितले, त्यातही थोडी भीती होतीच, हे मी जाणते. परंतु माझे म्हणणे झाकण्याचे नाही, क्रमाचे आहे. मुलगी हे सांगायचेच, अभिमानाने सांगायचे, पेढे वाटून सांगायचे. फक्त ते पहिले वाक्य असू नये. पहिले वाक्य बाळ रडले का, आई बरी आहे का, याचे असावे. जन्मलेला जीव आधी लेकरू आहे आणि मग मुलगा किंवा मुलगी आहे, हे आपली भाषा शेकडो वर्षे सांगत आली आहे. तिचे आपण ऐकत नाही, एवढाच माझा आक्षेप. शिवाय मुलगा झालेल्या घरीही हाच क्रम पाळला, तर लाजेचा प्रश्न उरत नाही. आजीने सांगितलेच आहे, की पोरगा झाला तरी ती लेकरूच म्हणे.

कायदा करून किंवा मोर्चा काढून हे होणार नाही, हे मला समजते. ज्या घरात दुसऱ्या मुलीनंतर सुनेचे ताट वेगळे वाढले जाते, तिथे सर्वनामाने काही बदलणार नाही, असेही कुणी म्हणेल. पण आपण कला शाखेची मुले. आपल्या हातात यंत्रे नाहीत, औषधे नाहीत, शब्दच आहेत. ते तरी नीट वापरावेत. आपल्यापैकी काही जण उद्या वार्ताहर होतील; त्यांनी नदीकाठी सापडलेल्या जिवाला ‘बाळ’ लिहून पाहावे. काही शिक्षक होतील; त्यांनी हजेरीत असे एखादे नाव आले, तर त्या मुलीच्या घरी जाऊन यावे. आणि आपण सगळेच कधी ना कधी मामा, मावशी, काका, आत्या होणारच आहोत.

ताई सव्वा महिना आमच्याकडेच होती. आजी रोज सकाळी पायांवर घेऊन भाचीला न्हाऊ घालायची, टाळूवर तेल थापायची, वेखंडाची धुरी द्यायची. बारसे झाले, नाव ठेवले. चांगले, हौसेने शोधलेले नाव. पण आजीच्या तोंडी ते अजून बसलेले नाही. ती आपली ‘लेकरू’च म्हणते. ‘‘लेकरू उठलं का? लेकराला घे गं.’’ ताईच्या सासूबाई पाचव्या दिवशीच येऊन गेल्या होत्या. येताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. आजीने काही न बोलता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. बाळाने त्यांचे बोट घट्ट धरले. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘बोट सोडंना की हे.’’

‘हे’ म्हणाल्या. मी मनात नोंद केली.

परवा आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिच्या भावाचा फोन आला. वहिनी बाळंत झाली होती. आम्ही चौघीजणी तिच्याभोवती गोळा झालो. सवयीने माझ्याही ओठांवर तोच प्रश्न आला होता. मोठ्या कष्टाने मी तो गिळला आणि विचारले, ‘‘दोघं बरी आहेत का गं?’’

तिने फोनवर हात ठेवून सांगितले, ‘‘बरी आहेत. बाळ खूप रडतंय म्हणे.’’

आम्ही टाळ्या वाजवल्या. मुलगा की मुलगी, ते मला रात्री जेवताना कळले.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (मराठी)